रूट कॅनॉलचं गाणं

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या शहापुरात सलूनच्या खुर्चीत बसलो होतो. एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावर फेस होता. फोनवर सुजाता वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो..." मागं कुठंतरी दवाखान्यातली ट्रॉली खडखडत गेली. मी "बरं, येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. न्हावी वस्तरा हातात धरून थांबला होता. त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्याला सगळं कळलंय आणि आता मी उठेन. मी मान मागं टेकवली, दुसरा गालही करून घेतला, तुरटी फिरवू दिली, मिशीची डावी बाजू जरा जास्त राहिलीय असंसुद्धा सांगितलं. मग घरी जाऊन आंघोळ केली आणि हॉस्पिटलला गेलो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजून माझ्या डोळ्यांतून पाणी आलेलं नाही. हे छापून यावं अशी माझी इच्छा नव्हती, पण मिलिंदबद्दल लिहायचं आणि हे लपवायचं, हे मला जमणार नाही.

मिलिंद माझा मावसभाऊ. आम्ही एकाच वर्षात जन्मलो, म्हणून 'दादा', 'अण्णा' काही नाही, तो 'मिल्या' आणि मी 'अशा'. मी बेळगावात हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. तो निपाणीत दाताचा डॉक्टर होता. बाजारपेठेतल्या एका गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा दवाखाना. तंबाखूच्या गावात दाताच्या डॉक्टरला काम कमी पडत नाही. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, वखारीत तंबाखू निवडायची आणि जन्मभर मिश्री लावायची. चाळिशीतच तिचे दात हलायला लागले होते. "आईचं तोंड बघूनच मी डॉक्टर झालो," असं तो सांगायचा, आणि ऐकणारे ते मातृभक्तीचं वाक्य समजून माना डोलवायचे. त्याला अर्थातच खरोखरीचं तोंड म्हणायचं असायचं.

पण निपाणीत त्याची ओळख होती ती गाण्यांमुळं. परदेशातली जुनी नाचाची गाणी. सोल, डिस्को, जॅझ-फंक. ही नावं त्याच्यामुळं आमच्याकडच्या अशा अशा माणसांच्या तोंडी बसली होती की बाहेरच्या माणसाला विश्वास बसू नये. दवाखान्यात त्यानं भिंतीत स्पीकर बसवून घेतले होते आणि कोणत्या कामाला कोणतं गाणं हे ठरलेलं असायचं. दाढ काढायची तर छोटं सोल गाणं, कारण गाणं संपायच्या आत दाढ बाहेर आली पाहिजे, ही त्याची स्वतःशीच शर्यत. दात साफ करायला जॅझ-फंक, बिनशब्दांचं, नुसती वाद्यं. आणि रूट कॅनॉलला एक लांबलचक डिस्को, जे कॅसेटची जवळजवळ एक बाजू खायचं. पेशंटांनी गाण्यांना आपली नावं दिली होती. दाढेचं गाणं. कवळीचं गाणं. रूट कॅनॉलचं गाणं. एकदा एका बँजो पार्टीचा माणूस कीड लागली म्हणून आला आणि जाताना दाढेचं गाणं कॅसेटवरून पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेऊन गेला. पुढच्या लग्नसराईत निपाणीच्या वरातींत ते वाजायला लागलं. वाजवायच्या आधी माइकवरून सांगायचे, "आता दाताच्या डॉक्टरचं!" आणि करवल्या पुढं सरकायच्या.

गाणं लावायच्या आधी तो त्या गाण्याची गोष्ट सांगायचा. ते कुणी केलं, कुठं केलं, त्या दिवशी तिथं काय झालं. पेशंटचा जबडा उघडा, तोंडात कापूस, वर नळी. मध्ये प्रश्न विचारायची सोयच नाही. "श्रोता असा पाहिजे बघ," तो मला म्हणायचा, "तोंड उघडं आणि गप्प. तुझ्या वर्गात आहेत का असे?" एका गाण्यात टाळ्यांचा आवाज पुरेना म्हणून गाणाऱ्यांनी स्टुडिओतल्या फळ्यांवर पाय आपटले आणि खालच्या मजल्यावरचा माणूस भांडायला वर आला, तो तालातच जिना चढत आला. एका ट्रंपेटवाल्याला त्याच्या जुन्या साथीदारांनी टाकून दिलं, कारण त्यानं लोकांना बसून ऐकायचं संगीत सोडून नाचायचं संगीत केलं. एक गाणं तर तबकडीच्या मागच्या बाजूला जागा भरायची म्हणून टाकलेलं होतं; नाचघरातल्या माणसानं चुकून उलटी बाजू लावली आणि लोक ती बदलू देईनात. यातलं खरं किती, हे मी कधी तपासलं नाही. इंटरनेट हातात आल्यावरही नाही. तो सांगायचा तेव्हा ती अमेरिकेतली शहरं वखारीच्या मागच्या गल्लीत असल्यासारखी वाटायची. तो ट्रंपेटवाला चिकोडीकडचा कुणी असावा असं वाटायचं. कन्नड पेशंट असला की हीच गोष्ट तो कन्नडमध्ये सांगायचा, आणि त्याची मदतनीस कस्तुरी म्हणायची की कन्नडमध्ये ती जास्त रंगते.

या गोष्टी त्याला मिळाल्या जोसेफकडून. बेळगावात डेंटल कॉलेजला असताना त्याच्या खोलीत जोसेफ नावाचा नैरोबीचा मुलगा होता. आमच्याकडच्या कॉलेजांत तेव्हा आफ्रिकेतली मुलं बरीच असायची. जोसेफचा मोठा भाऊ तिकडं एका हॉटेलच्या नाचघरात रेकॉर्डी लावायचा. गाण्यांबरोबर त्यांच्या कहाण्याही त्याच्याकडं जमा व्हायच्या. धाकट्या जोसेफनं त्या नुसत्या भावाकडून ऐकलेल्या आणि मिलिंदनं जोसेफकडून. मी शनिवारी त्यांच्या खोलीवर जायचो. जोसेफ मिलिंदला नाच शिकवायचा आणि मिलिंद त्याला भाकरी थापायला. दोघांनाही यश आलं नाही. शिक्षण संपवून जोसेफ परत निघाला तेव्हा मिलिंद त्याला सोडायला लोंढ्यापर्यंत गेला होता. लोंढ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर जोसेफनं आपली कॅसेटींची पिशवी मिलिंदच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, मला तिकडं पुन्हा मिळतील, तुला इथं मिळणार नाहीत. पुढं दोन-चार पत्रं आली, मग ती बंद झाली. पण मिलिंद गोष्ट सांगायचा तेव्हा सुरुवात 'माझा मित्र जोसेफ सांगतो' अशीच करायचा. 'सांगायचा' नाही, 'सांगतो'.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडलं. आप्पा म्हणजे मिलिंदचे वडील. तरुणपणी आमच्या गावात हलगी वाजवायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता असं म्हणतात. लग्न असो, जत्रा असो, कुणाची मयत असो, बोलावणं आलं की जायचं, वाजवायचं आणि वाजवून झालं की मांडवाच्या बाहेर बसायचं. जेवण तिथंच यायचं, वरून टाकलेलं. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, म्हणजे कातडं ताणतं आणि आवाज कडक होतो. वस्तीनं धम्म घेतला त्या दिवशी आप्पांनी हलगी नेहमीसारखी जाळावर धरली, आणि काढलीच नाही. हे मला मावशीनं सांगितलेलं. कातडं जळल्याचा वास आठवडाभर घरात होता म्हणे. त्यानंतर गावातून बोलावणी आली, ती नाकारली, मग गावात राहणं अवघड झालं आणि दोघं निपाणीला आले. मावशी वखारीत, आप्पा वखारीबाहेर हमाल. त्यांच्या घरात कधी वाद्य आलं नाही. रेडिओवर बातम्या लागायच्या, गाणी लागली की मावशी कान पिळून बंद करायची. कुणी तिला तसं सांगितलं होतं असं नाही. ते घरात सगळ्यांना समजलेलं होतं, जसं दारात चप्पल कुठं काढायची हे समजलेलं असतं.

म्हणून मिलिंदची गाणी फक्त दवाखान्यात. घरी त्यानं एक कॅसेट कधी लावली नाही. आणि आप्पा दवाखान्यात आले की तिथंही बंद. कस्तुरीला ते इतकं सवयीचं झालं होतं की आप्पांचं पांढरं धोतर दारात दिसलं की तिचा हात आपोआप बटणाकडं जायचा. आप्पांची कवळी मिलिंदनं स्वतः केली, मापं घेतली, घासून घासून बसवली, सगळं गप्प खोलीत. कवळीचं गाणं ज्याच्यासाठी सगळ्यात आधी वाजायला हवं होतं, त्याच्यासाठी ते वाजलं नाही. मी एकदा विचारलं होतं, इतकी वर्षं झाली, आता आप्पांना काय वाटणार आहे? तो म्हणाला, "त्यांनी हातातली हलगी जाळली अशा. ताल म्हणजे त्यांना काय आठवत असंल? मी दवाखान्यात हौस करतो, ती त्यांच्या कानावर कशाला घालू?" मला ते पटलं होतं. आमच्या घरांत मोठ्यांनी जे टाकलं ते आपण त्यांच्या समोर उचलायचं नाही, एवढी समज आम्हाला होती.

अलीकडं आप्पांना जिना चढायला फार वेळ लागायचा. जिना सिमेंटचा, खडबडीत, मध्ये एक वळण. वळणावरच्या पायरीवर ते बसायचे ते बराच वेळ. कधी अर्धा सिनेमा होईल इतका. वरून कुणी हात द्यायला गेलं तर म्हणायचे, बसू दे जरा. गुडघे गेले, असं आम्ही म्हणायचो. मिलिंद तर दवाखाना खाली तळमजल्याला हलवायचा विचार करत होता, फक्त आप्पांसाठी.

मागच्या वर्षी त्यानं माझं रूट कॅनॉल केलं. भूल दिली, ओठ जड झाला, आणि त्यानं रूट कॅनॉलच्या गाण्याची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट मी आधी कधी पूर्ण ऐकली नव्हती. एक बाई होती, त्यांच्या चर्चमध्ये गाणारी, अंगानं दांडगी. तिला मागं 'आ...' 'ऊ...' करायला बोलावलेलं. मुख्य गाणारी आलीच नाही. वेळ चालला होता म्हणून हिला पुढं उभं केलं, आणि हिनं ते गाणं एका दमात गायलं. तबकडी निघाली तेव्हा पाकिटावर फोटो दुसऱ्याच एका सडपातळ मुलीचा. काही महिन्यांनी ही बाई दुकानात पाव घ्यायला गेली, तर दुकानातल्या रेडिओवर हिचाच आवाज, आणि गल्ल्यावरची मुलगी त्याच्यावर नाचतेय. हिनं पाव घेतला आणि... इथं त्यानं ड्रिल सुरू केलं. पुढचं मला ऐकू आलं नाही. पुढं काय झालं हे मी नंतर विचारायला हवं होतं. उठताना विचारता आलं असतं. पण तो तोपर्यंत सूचना द्यायला लागला होता. "दोन तास गरम काही घेऊ नको. भूल हाय तवर कळणार न्हाय. तोंड भाजंल, गाल चावशील, आणि भूल उतरली की मग बोंबलत येशील." मी मान हलवली, आणि खाली येऊन ताबडतोब गाड्यावर चहा प्यालो. टाळूची कातडी निघाली तेव्हाच कळलं. त्यानं ती गोष्ट पुढं महिनाभर सगळ्या नातेवाइकांना सांगितली.

आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. बेळगावच्या हॉस्पिटलात मी शाळा सुटली की जायचो. तो बारीक झाला होता आणि त्याचे दात मोठे दिसायला लागले होते. त्याच्याही ते लक्षात आलं होतं. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. तो म्हणाला, "अशा, न्यायच्या टायमाला रूट कॅनॉलचं लाव."

मी हसलो. मला वाटलं, नेहमीची चेष्टा.

"हसू नको. पुरं लाव. मधी बंद करू नको. कुणी वाजवत नाही आपल्यात, मला ठाऊक हाय. पण मला नाचतच जायचंय... जोसेफ सांगतो, त्यांच्यात तसंच नेत्यात."

"आप्पा?" मी विचारलं.

त्यानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाला, "तेवढं तू बघ."

'तेवढं' माझ्यावर सोपवून तो गेला. अंत्ययात्रेच्या सकाळी मी छोटा स्पीकर कापडी पिशवीत घालून नेला. गाणं काढून ठेवलं होतं, फक्त बटण दाबायचं होतं. निपाणीच्या त्यांच्या घरासमोर मांडव, पांढऱ्या कपड्यातली माणसं, भंतेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. वंदना संपली आणि उचलायच्या आधी सगळे क्षणभर थांबतात, तसे थांबले. तीच वेळ होती. पिशवीत माझा अंगठा बटणावर होता. आप्पा खुर्चीवर बसले होते, धुतलेलं धोतर, हात गुडघ्यांवर. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. का बघितलं ते मला माहीत नाही. कदाचित मी फक्त त्यांच्या समोर उभा होतो म्हणून. मी अंगठा काढला. पिशवीच्या बंदांना गाठ मारली. मग आम्ही मिलिंदला उचललं. बँजो पार्टीचा तो माणूसही खांदा द्यायला आला होता. तोसुद्धा गप्प होता. वहिनींनाही मिलिंदनं ही इच्छा सांगितलेली होती. त्यांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं. त्या याबद्दल माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुष्कळ लोक बोलायला उठले. एक आजी म्हणाल्या की डॉक्टरांनी माझी कवळी गाणं लावून बसवली, अजून हलली नाही. लोक हसले, मग रडले. माझ्याही नावाचा पुकारा झाला. मी उठून मिलिंद गुणी होता, अभ्यासू होता असं काहीबाही बोललो आणि खाली बसलो. भूल दिलेल्या ओठांनी बोलतो तसं ते बोलणं मलाच दुरून ऐकू येत होतं.

गेल्या रविवारी सकाळी वहिनींनी मला निपाणीला बोलावलं. दवाखाना संकेश्वरकडची एक तरुण डॉक्टर चालवायला घेणार आहे. त्याआधी मिलिंदच्या स्वतःच्या वस्तू काढून घ्यायच्या होत्या. कस्तुरी वर झाडत होती. वहिनी कपाटं आवरत होत्या. आप्पाही आले होते, पण वर आलेच नाहीत. मी बघायला गेलो, तर वळणावरच्या पायरीवर बसलेले. मी हात पुढं केला.

"बस जरा," आप्पा म्हणाले.

मी एक पायरी खाली बसलो. खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.  मग त्यांनी वरच्या दाराकडं हनुवटी केली.

"आज काय लावलं न्हाय व्हय?"

मला कळलं नाही ते कशाबद्दल बोलतायत.

"मशीन रं. गाण्याचं."

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "तुम्ही येणार म्हणून नाही लावलं आप्पा."

"त्येच की," ते म्हणाले. "मी दारात आलो की बंद. म्हनून तर हितं बसतो."

 गुडघे चांगले होते त्यांचे. सगळी वर्षं गुडघे चांगले होते. मी कसाबसा म्हणालो की आम्हाला वाटलं, तुम्हाला चालत नाही... हलगी सोडल्यापासून तुम्हाला नको वाटत असेल... आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं, लहान पोराचं घ्यावं तसं.

"वाजवायचं सोडलं म्या. त्येंच्या दारात जाऊन वाजवायचं. ऐकायचं कवा सोडलंतं?" मग म्हणाले, "त्येला वाटायचं, म्हाताऱ्याला दुखंल. मला वाटायचं, मी आत गेलो तर पोरगं बंद करंल. मग कशाला जा आत?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. मिलिंदनं काय मागितलं होतं, पिशवीत काय होतं, मी अंगठा का काढला. सांगताना माझा आवाज अगदी सरळ होता, शाळेत सूचना वाचून दाखवावी तसा. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा म्हणतील, जाऊ दे. ते दोन्ही म्हणाले नाहीत.

"माझ्याकडं बघून बंद ठेवलंस."

"व्हय आप्पा."

"समद्यांनी माझ्याकडं बघूनच बंद ठेवलं," ते म्हणाले, आणि पायरीवरची कसलीशी काडी उचलून खाली टाकली.

मग त्यांनी त्या गाण्याची गोष्ट विचारली. साऱ्या निपाणीला ठाऊक आहे म्हणे, मला एकट्याला सांगितली नाही, असं म्हणाले. मी सांगायला लागलो. चर्चमध्ये गाणारी बाई, न आलेली मुख्य गायिका, पाकिटावरचा दुसरीचाच फोटो, पावाचं दुकान. मिलिंदसारखं मला जमत नव्हतं. मी धडा सांगितल्यासारखं सांगत होतो, पण आप्पा मान पुढं करून ऐकत होते. पावाच्या दुकानापाशी मी थांबलो.

"मग? तिनं गायचं सोडलं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या वेळी माझ्या तोंडात ड्रिल होतं.

हे मी खरं म्हणून सांगितलं, पण आप्पांच्या ओठांच्या कडा हलल्या. वर दारात कस्तुरी झाडू हातात घेऊन उभी होती. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. "बिडलिल्ल, आप्पा," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "सोडली नाही ती. डॉक्टर दर वेळी सांगत होते की. त्या लोकांच्यासाठी गायला परत गेली नाही. पण आपल्या प्रार्थनेत दर रविवार गात होती. म्हातारी होईपर्यंत. तिथं तिला सगळे ओळखत होते."

 खाली हवेचा पंप थांबला होता.

"लाव," ते म्हणाले. "दार उघडं ठेव. मी माझ्या जाग्यावरनं ऐकतो."

मी वर गेलो. वहिनींनी कपाटातून हात काढले आणि त्या स्टुलावर बसल्या. कस्तुरीनंच बटण दाबलं. ते तिचं काम होतं. मला बसायला जागा नव्हती म्हणून मी पेशंटच्या खुर्चीत बसलो. वरचा दिवा बंद होता. पहिला ताल सुरू झाला आणि माझं तोंड आपोआप उघडलं... मी ते मिटून घेतलं. ते गाणं मी आजपर्यंत कधी नीट ऐकलंच नव्हतं. नेहमी मध्ये ड्रिल असायचं, नळीचा घरघराट, मिलिंदचं 'आणखी आ कर'. आज ते सगळं काढून घेतलेलं होतं आणि गाणं एकटंच खोलीत चाललं होतं. त्या बाईचा आवाज फार मोठा आहे. निम्म्यावर एक जागा येते, तिथं ती थांबते, बाकीची वाद्यं एकेक करून थांबतात आणि नुसता ताल उरतो, बराच वेळ. मी उठून दारात गेलो.

आप्पा वळणावरच्या पायरीवर बसले होते, पाठ माझ्याकडं. पाय स्थिर, मान स्थिर. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घालून दाबून धरले होते. ताल चालू होता तोवर त्यांनी ते काढले नाहीत. बाई परत गायला लागली तरी काढले नाहीत. गाणं संपलं, कॅसेटची उरलेली बाजू नुसती सरसरत राहिली, कस्तुरीनं तीही शेवटपर्यंत चालू दिली.

मग मी खाली जाऊन त्यांना उठवायला हात धरले. हातांच्या पाठींवर सिमेंटचे खडे रुतून ठसे उमटले होते, बारीक बारीक, लाल. त्यांनी ते धोतराला पुसले, पण ते पुसून जाण्यासारखे नव्हते. या वेळी ते वर आले, खोलीत चहूकडं बघितलं आणि खुर्चीच्या पाठीवर एकदा हात फिरवला. वहिनींनी खालून चहा मागवला. आप्पांनी बशी उचलली तेव्हाही ते ठसे दिसत होते. ते फुर्र फुर्र करत चहा पीत होते. मी माझा कप हातात घेतला, आणि निवेपर्यंत तसाच धरून बसलो.